१९-३१ वरून वर्ल्ड सिरीज: वॉशिंग्टन नॅशनल्सच्या २०१९ सीझनची पूर्ण केस

२३ मे २०१९, गुरुवार. न्यूयॉर्कमध्ये मेट्सविरुद्ध आमच्या वॉशिंग्टन नॅशनल्सची (नॅट्सची) बेसबॉलची दुपारची मॅच होती, मी व्हर्जिनियात ऑफिसमध्ये एका कानात इअरफोन घालून रेडिओ कॉमेंट्री ऐकत होतो. आठव्या इनिंगमध्ये मेट्सच्या कार्लोस गोमेझने थ्री-रन होम रन (बॉल मैदानाबाहेर, तीन रन) मारला, मॅच ६-४ ने गेली आणि चार मॅचच्या सिरीजमधल्या चारही आपण हरलो. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ त्याच्या आधीच अंपायरशी भांडून बाहेर गेलेला, टोपी फेकून, मातीला लाथ मारून. रेकॉर्ड १९ जिंकल्या, ३१ हरल्या. डिव्हिजनमध्ये (लीगमधल्या आपल्या गटात) पहिल्या नंबरपासून १० मॅच मागे. त्या संध्याकाळी मला भेटलेला प्रत्येक नॅट्स फॅन एकच गोष्ट बोलत होता, मॅनेजरला काढा, आणि जुलैत स्टार बॅटर रेंडॉनला विकून टाका, कारण त्याचं कॉन्ट्रॅक्ट वर्षअखेर संपतंय, तो फुकट जाण्यापेक्षा बदल्यात चार चांगली पोरं तरी येतील. खरं सांगतो, मलाही ते पटत होतं.

याच टीमने ३० ऑक्टोबरला वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉल लीगची फायनल, जिंकली. त्यावर "चमत्कार झाला" म्हणून लोक मोकळे होतात आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण तो सीझन मी मॅच बाय मॅच बघितलाय, माझ्या मुलीने शाळेच्या वहीत स्कोअर लिहून ठेवलेत, आणि ती वही उघडली की दिसतं की काय बदललं आणि काय शेवटपर्यंत तसंच राहिलं. म्हणून ही केस नीट मांडतो. प्रश्न असा की जिचं बुलपेन (मॅचच्या शेवटी येणारे बॉलर) लीगमध्ये जवळजवळ सगळ्यात वाईट होतं ती टीम ऑक्टोबरमध्ये १०६ आणि १०७ मॅच जिंकलेल्या टीमना हरवून वर्ल्ड सिरीज कशी नेते?

क्रिकेटवाल्यांसाठी थोडक्यात. मॅच नऊ इनिंगची, एका टीमचे २७ आऊट. पहिला जो पिचर (बॉल टाकणारा) येतो तो स्टार्टर, तो पाच-सहा-सात इनिंग टाकतो, मग त्याला चार-पाच दिवस विश्रांती. तो दमला की जे येतात ते रिलीव्हर, आणि ते जिथे वॉर्मअप करतात ते बुलपेन. सीझनच्या मॅच १६२, जवळजवळ रोज एक, एप्रिल ते सप्टेंबर. म्हणजे स्टार्टर कितीही भारी असले तरी शेवटच्या तीन इनिंग रोज कोणाच्या तरी दुसऱ्याच्याच हातात असतात.

आमची ही शेवटची तीन इनिंगच कुजलेली होती. ट्रेव्हर रोझेंथल हा एकेकाळचा मोठा क्लोजर (मॅच संपवणारा रिलीव्हर), ऑपरेशननंतर परत येत होता, पहिल्या चार मॅचमध्ये त्याच्याकडून एकही आऊट निघाला नाही. एकही नाही, म्हणजे त्याचा इआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या रनची सरासरी) काढताच येत नव्हता, स्कोअरबोर्डवर अनंताचं चिन्ह यायचं. त्या माणसासाठी मला मनापासून वाईट वाटायचं, स्ट्राइक झोन (बॉल जिथून जायला हवा ती चौकट) सापडत नाही म्हणजे काय होतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. पूर्ण सीझनचा आमच्या बुलपेनचा इआरए ५.६६ निघाला. आणि दुसऱ्या बाजूला स्टार्टर कोण तर मॅक्स शेर्झर, स्टीफन स्ट्रासबर्ग, पॅट्रिक कॉर्बिन, अनिबाल सांचेझ. पहिल्या तिघांसारखे तीन एकत्र त्या वर्षी फार कमी टीमकडे होते. कॉर्बिनला तर त्याच हिवाळ्यात ६ वर्षांसाठी १४ कोटी डॉलर देऊन आणलेला.

त्याच हिवाळ्यात आमचा स्टार बॅटर ब्राइस हार्पर गेला. फिलाडेल्फियाने १३ वर्षं आणि ३३ कोटी डॉलर दिले, डिव्हिजनमधल्याच टीमने. माझ्या मुलीच्या खोलीत त्याचं पोस्टर होतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये प्रत्येक पराभवावर तो एक घाव आणखी होता. आणि हे शहर बेसबॉलच्या बाबतीत आधीच पोळलेलं. वॉशिंग्टनने शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली १९२४ ला, नंतर सेनेटर्स नावाच्या दोन वेगवेगळ्या टीम शहर सोडून गेल्या, एक मिनेसोटाला, एक टेक्सासला, आणि तेहतीस वर्षं राजधानीत टीमच नव्हती. २००५ ला माँट्रियलहून ही टीम आली. २०१२, २०१४, २०१६, २०१७, चार वेळा प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) गेलो आणि चारही वेळा पहिल्याच सिरीजमध्ये बाहेर. २०१२ ला तर कार्डिनल्सविरुद्ध पाचव्या मॅचच्या नवव्या इनिंगमध्ये ७-५ पुढे होतो, ९-७ हरलो. आणि त्या वर्षी स्ट्रासबर्गला सप्टेंबरमध्ये घरी बसवलं होतं, कोपराच्या ऑपरेशननंतर हात जपायचा म्हणून. जनरल मॅनेजर (खेळाडू आणि मॅनेजर ठेवणारा-काढणारा) माईक रिझोला त्या निर्णयावरून लोकांनी वर्षानुवर्षं शिव्या दिल्या. हे नाव आणि हा निर्णय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता २३ मेच्या रात्री ज्याच्या हातात निर्णय होता त्याच्या जागी बसून बघू. रेकॉर्ड १९-३१ आहे, हे एक सत्य. दुसरं सत्य असं की ट्रे टर्नरचं बोट एप्रिलच्या सुरुवातीलाच मोडलेलं आणि तो नुकताच परत आलाय, रेंडॉन, सोटो, झिमरमन सगळे मधे मधे दुखापतीने बाहेर होते, एक वेळ अशी होती की चौघं एकदमच नव्हते. म्हणजे जी टीम हरत होती ती कागदावरची टीमच नव्हती. तिसरं, स्टार्टर चांगलेच टाकत होते. मॅच जात होत्या त्या बहुतेक सातव्या इनिंगनंतर. म्हणजे रोग सगळ्या शरीरात नव्हता, एका जागी होता. हे आज लिहायला सोपं आहे पण त्या दिवशी रेकॉर्डकडे बघून हे कळायला डोकं फार थंड लागतं.

रिझोने मार्टिनेझला काढलं नाही. हातावर हात ठेवूनही तो बसला नव्हता बरं का. मेच्या सुरुवातीलाच पिचिंग कोच बदलला होता. मेमध्येच जायंट्सने सोडलेल्या खेरार्दो पार्राला घेतलं. जूनमध्ये ४२ वर्षांचा फर्नांडो रॉडनी आणला, रोझेंथलला सोडलं. आणि ३१ जुलैला, ज्या दिवशी रेंडॉनला विकायचं असं आम्ही सगळे मेमध्ये म्हणत होतो, त्या दिवशी तीन रिलीव्हर विकत घेतले. त्यातला एक डॅनियल हडसन. त्या दिवशी त्या नावावर कोणी फटाके वाजवले नव्हते.

मार्टिनेझचं रोजचं वाक्य एकच, आज १-० करा. आजची एक मॅच जिंका, रेकॉर्ड १-०, उद्या परत शून्यापासून. मेमध्ये हे ऐकून राग यायचा, रेकॉर्ड तर डोळ्यासमोर आहे ना. पण पुढची सिरीज घरी मायामीशी झाली, चारपैकी तीन जिंकल्या, मग हळूहळू गाडी रुळावर आली आणि ऑलस्टार ब्रेकपर्यंत (जुलैतली सुट्टी) ४७-४२. कुठलीही एक मॅच अशी नाही की जिथे बोट ठेवून म्हणावं की इथे फिरलं.

फक्त एक दिवस माझ्या मनात वेगळा आहे. १८ जूनला बंटचा (बॉल बॅटने हलकेच अडवायचा) सराव करताना बॉल शेर्झरच्या तोंडावर उडाला आणि नाक मोडलं. दुसऱ्या दिवशी, १९ जूनला, एक डोळा काळानिळा सुजलेला असताना तो उभा राहिला आणि फिलाडेल्फियाविरुद्ध, हार्परसमोर, ७ इनिंग शून्य रन, १० स्ट्राइकआऊट, मॅच २-० जिंकलो. आम्ही स्टेडियममध्ये होतो, नेव्ही यार्ड स्टेशनवर उतरून पळत गेलेलो कारण त्या दिवशी डबलहेडर (एकाच दिवशी दोन मॅच) होता आणि मला ऑफिसमधून निघायला उशीर झालेला. मुलीने वहीत शेर्झरच्या नावापुढे काळ्या स्केचपेनने एक डोळा काढलाय. त्याच दिवशी पार्राने, जो खूप दिवस आऊट होत होता, बॅटिंगला येताना वाजायचं गाणं बदललं आणि स्वतःच्या दोन वर्षांच्या मुलीचं आवडतं शार्क माशाचं बालगीत लावलं. महिन्याभरात चाळीस हजार मोठी माणसं दोन्ही हातांचे जबडे करून टाळ्या वाजवत होती. टीममध्ये इतकी वय झालेली माणसं होती की ती स्वतःला स्पॅनिशमध्ये म्हातारे म्हणायची, लॉस व्हिएहोस, आणि तीच माणसं होम रन झाला की डगआऊटमध्ये (टीमच्या बसायच्या जागेत) नाचायची. स्ट्रासबर्गसारखा अबोल माणूस मिठ्यांच्या मधोमध अडकून लाजून हसताना दिसायचा. मी या गोष्टीला स्ट्रॅटेजी म्हणत नाही पण सहा महिने एकत्र राहणाऱ्या माणसांना याचा काहीच उपयोग नसतो असं कोणी म्हटलं तर मी भांडेन.

३ सप्टेंबर, परत मेट्स, यावेळी घरी. नवव्या इनिंगमध्ये ४-१० मागे. बुलपेनने नेहमीप्रमाणे पाच रन दिलेले. मग सात रन झाले, शेवटचे तीन कर्ट सुझुकीच्या होम रनचे, ११-१०. मेमध्ये ज्या टीमने आपल्याला चार वेळा रडवलं तिच्याचविरुद्ध. पण ही मॅच मी दुसऱ्या कारणासाठी सांगतोय, सप्टेंबर आला तरी बुलपेन तसंच होतं. रोग बरा झालाच नव्हता. बॅटिंग त्याच्यावर मात करत होती एवढंच, रेंडॉनची बॅटिंग सरासरी .३१९ आणि १२६ आरबीआय (त्याच्या फटक्यांवर आलेले रन), आरबीआय लीगमध्ये सगळ्यात जास्त, सोटो २० वर्षांचा पोरगा ३४ होम रन. ९३-६९ वर सीझन संपला, म्हणजे १९-३१ नंतर ७४-३८. मधे १५ सप्टेंबरला मॅच चालू असताना मार्टिनेझच्या छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलमध्ये नेलं, हृदयाची तपासणी झाली, काही दिवसांत तो परत डगआऊटमध्ये.

आता केसचा गाभा. ऑक्टोबरमध्ये रोज मॅच नसते, मधे सुट्ट्या असतात. मग स्टार्टरला चार-पाच दिवस बसवून ठेवायची सक्ती राहत नाही. मार्टिनेझने ठरवलं की ज्या पाच-सहा माणसांवर विश्वास आहे त्यांच्याच हातात जमेल तेवढे सगळे आऊट द्यायचे, शेर्झर, स्ट्रासबर्ग, कॉर्बिन, सांचेझ, शेवटाला हडसन आणि शॉन डूलिटल. स्टार्टर सुट्टीच्या दिवशी रिलीव्हर होतील. बुलपेन दुरुस्त झालं नाही तर बुलपेन वापरायचंच कमी करायचं. घरातला एक नळ गळतोय आणि प्लंबर मिळत नाहीये तर मेन कॉक बंद करून बादल्या भरून ठेवतात, तसं.

१ ऑक्टोबर, मिलवॉकीविरुद्ध एकाच मॅचचा निकाल. शेर्झरने तीन रन दिले, १-३ मागे, आणि सहाव्या इनिंगला स्ट्रासबर्ग आला. मेजर लीगमध्ये पहिल्यांदा रिलीव्हर म्हणून. तीन इनिंग शून्य रन. आठव्यात बेस भरलेले, दोन आऊट, जॉश हेडरसमोर सोटोचा फटका आणि राइट फील्डमध्ये बॉल निसटून मागे गेला, तीन रन, ४-३.

पुढे डॉजर्स, १०६ विजय. तिथे दुसऱ्या मॅचमध्ये शेर्झरने आठवी इनिंग टाकली, तिघांना स्ट्राइकआऊट करून परत आला, आणि आम्हाला वाटलं युक्ती सापडली. तिसऱ्या मॅचमध्ये, घरी, ६ ऑक्टोबर, रविवारी, तीच युक्ती कॉर्बिनवर केली. सहाव्या इनिंगला आला, २-१ पुढे होतो. दोन आऊटच निघाले आणि सहा रन गेले. १०-४ हरलो. कॉर्बिन माउंडवरून (पिचर उभा राहतो तो उंचवटा) खाली बघत चालत गेला. भारतात सोमवारची सकाळ होती, माझे बाबा कराडहून व्हिडिओ कॉलवर होते, एसटीतून रिटायर झाल्यापासून सकाळी त्यांना वेळ असतो आणि नातीने त्यांना या खेळात ओढलेलं. ते म्हणाले, "अरे, टेस्टच्या ओपनिंग बॉलरला शेवटची ओव्हर टाकायला लावली, त्याला कसं जमणार?" मला काही उत्तर देता आलं नाही. त्या रात्री सगळे म्हणत होते की स्टार्टरला रिलीव्हर करायचा मूर्खपणा बंद करा.

माझ्या मते पूर्ण सीझनचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय याच्या पुढच्या तीन दिवसांतला आहे. चौथी मॅच शेर्झर आणि झिमरमनने काढून दिली, ६-१. पाचवी लॉस एंजेलिसमध्ये, परत १-३ मागे, आठव्यात क्लेटन कर्शॉच्या लागोपाठ दोन बॉलवर रेंडॉन आणि सोटोचे होम रन, दहाव्यात हॉवी केंड्रिकचा ग्रँड स्लॅम (बेस भरलेले असतानाचा होम रन). हे सगळ्यांना आठवतं. पण मधे सातव्या-आठव्या इनिंगमध्ये पिचिंग कोण करत होतं? कॉर्बिन. ज्याने तीन दिवसांपूर्वी सहा रन दिले तोच. मार्टिनेझने एका वाईट निकालावरून पद्धत फेकून दिली नाही. मेमध्ये रिझोने जे केलं तेच इथे मार्टिनेझने केलं, म्हणजे निकाल वाईट आला म्हणून निर्णयही वाईट होता असं धरलं नाही.

कार्डिनल्सला ४-० ने उडवलं, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. फक्त एक, पहिल्या मॅचला हडसन नव्हता, त्याच्या तिसऱ्या मुलीचा जन्म होता. काही लोक त्यावरूनही बोलले. त्याने तिथेच असायला हवं होतं, आणि डूलिटलने मॅच संपवली.

मग ह्यूस्टन, १०७ विजय. तिथल्या पहिल्या दोन आपण जिंकल्या आणि शहर वेडं झालं, १९३३ नंतर पहिल्यांदा वॉशिंग्टनमध्ये वर्ल्ड सिरीजची मॅच होणार होती. तीन मॅच घरी. १-४, १-८, १-७. तिन्ही हरलो, तीन मॅचमध्ये घरच्या लोकांना तीन रन बघायला मिळाले. पाचवी मॅच २७ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाचा दिवस. दुपारी मी फुलं आणि बत्तासे घेऊन घरी येत होतो तेव्हा बातमी आली की शेर्झरची मान आखडलीये, सकाळी बायकोने उचलून बसवावं लागलं, तो टाकणार नाही. आमच्या घरी पूजा आटपून पंधरा-वीस लोक टीव्हीसमोर बसलेले, चकल्यांचं ताट फिरत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मुलगी पणत्या विझेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिली.

भाऊबीजेला सहावी मॅच ह्यूस्टनमध्ये. सातव्या इनिंगमध्ये टर्नर पहिल्या बेसकडे पळताना बॉल त्याला लागला आणि अंपायरने त्यालाच आऊट दिलं. आमच्या घरात आरडाओरडा. त्याच इनिंगमध्ये रेंडॉनने दोन रनचा होम रन मारला, आणि तरी मार्टिनेझ इनिंग संपल्यावर अंपायरवर धावून गेला, दीड महिन्यापूर्वी हृदय तपासून आलेला माणूस, कोचेस त्याला कमरेला धरून मागे ओढत होते. १९९६ नंतर वर्ल्ड सिरीजमधून हाकलला गेलेला पहिला मॅनेजर. आणि माउंडवर स्ट्रासबर्ग. ८ पूर्ण इनिंग आणि नवव्यातला एक आऊट, ७-२. त्या ऑक्टोबरमध्ये तो ५-० होता, इआरए १.९८, सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) तोच. २०१२ ला जपलेला हात हाच होता. २०१२ चा तो निर्णय बरोबर होता का यावर मी आजही ठाम नाही, त्या वर्षीही आपण जिंकू शकलो असतो, पण हा हात २०१९ ला जागेवर होता हे कोणी नाकारू शकत नाही.

आता नशिबाचं बोललंच पाहिजे, नाहीतर केस अर्धवट राहील. मिलवॉकीत तो बॉल निसटला नसता तर? सातव्या मॅचमध्ये केंड्रिकचा बॉल राइट फील्डच्या फाऊल पोलला लागला, हातभर बाहेर गेला असता तर नुसता फाऊल. हे सगळं नशीबच, मी मान्य करतो. पण पाच मॅच अशा होत्या की हरलो तर घरी, पाचही मॅचमध्ये आपण कधी ना कधी मागे होतो आणि पाचही जिंकलो. एक-दोन वेळा नशीब म्हणता येतं, आणि त्या प्रत्येक वेळी रन येईपर्यंत मॅच हाताबाहेर जाऊ न देणारा पिचर कोण होता ते वहीत बघा, तीच पाच-सहा नावं परत परत येतात.

३० ऑक्टोबर, सातवी मॅच. मानेत इंजेक्शन घेऊन शेर्झर उभा राहिला. त्याच्याकडे त्या दिवशी काहीच नव्हतं, प्रत्येक इनिंगमध्ये बेसवर माणसं, पाच इनिंगमध्ये १०३ बॉल, पण फक्त दोन रन. झॅक ग्रेंकी समोरून अप्रतिम टाकत होता, सहा इनिंग आपण शून्यावर. ०-२ मागे असताना सहाव्या इनिंगला बुलपेनचं दार उघडलं आणि कॉर्बिन बाहेर आला.

माझ्या हातापायातलं त्राण गेलं. मुलीने वहीत नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. सहावी, शून्य. सातव्यात रेंडॉनचा होम रन, सोटोला वॉक (फुकट बेस), ग्रेंकीला ८० बॉलवर काढलं, आणि नव्या पिचरच्या दुसऱ्या बॉलवर केंड्रिकचा तो पोलला लागलेला फटका, ३-२. ह्यूस्टनकडे त्या वेळी गेरिट कोल बुलपेनमध्ये होता, सीझनच्या सगळ्यात भारी पिचरपैकी एक, तो शेवटपर्यंत आलाच नाही. आपला कॉर्बिन मात्र सातवी टाकून गेला, शून्य, आठवीही टाकून गेला, शून्य. वरून आणखी तीन रन आले. नवव्यात हडसन, शेवटचा बॉल, ब्रँटली स्विंग करून चुकला आणि हडसनने ग्लव्ह काढून भिरकावला. ६-२. सातही मॅच पाहुण्या टीमने जिंकल्या, असं अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या खेळाच्या सात मॅचच्या फायनलमध्ये आधी कधी झालं नव्हतं.

रात्रीचे बारा वाजत आलेले. मुलगी सोफ्यावर उड्या मारत होती, मला उभं राहता येईना. कराडला सकाळचे साडेनऊ होत आले असतील, फोन तसाच टेबलावर चालू होता आणि बाबा त्यात चष्मा वर करून स्क्रीनच्या अगदी जवळ आलेले.

"अरे," ते म्हणाले, "तो आठवी टाकणारा डावखुरा... त्या सोमवारी सहा रन दिलेला तोच ना?"

"हो बाबा, तोच."